रणात डिझेल दरवेळी कमी का पडते? फोर बाय फोर गाडीच्या इंधन-हिशेबाची दुरुस्ती

ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते आणि तिचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. बडोद्याहून निघालेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, गाडी दुमाड चौकडीवरून द्रुतगती मार्गाला लागते, अहमदाबादचा रिंग रोड, साणंद, विरमगाम असे करत दसाडा-पाटडीच्या बाजूला पोहोचते, तेथे साठेक लिटरची टाकी फुल्ल केली जाते आणि डॅशबोर्ड ‘अजून सहाशे किलोमीटर’ असे आश्वासन देतो. पुढे कच्छच्या छोट्या रणात दोन दिवसांत अडीचशे किलोमीटरसुद्धा धड फिरणे होत नाही, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी इंधनाचा पिवळा दिवा लागतो. घरी परतल्यावर गाडी मकरपुऱ्याच्या एखाद्या गॅरेजमध्ये जाते, इंजेक्टर तपासले जातात, फिल्टर बदलला जातो, बिल होते, आणि पुढच्या उत्तरायणाच्या जोडसुट्टीत तोच दिवा तेवढ्याच अंतरावर पुन्हा लागतो.

अशा तक्रारीत गाडीचा दोष क्वचितच निघतो. चूक बहुधा हिशेबाच्या मापात असते. डांबरी रस्त्यावर इंधन किलोमीटरने मोजणे सोयीचे असते, कारण तेथे वेग, भार आणि टायरखालची जमीन फारशी बदलत नाही. रस्ता सुटला की तेच माप कुचकामी ठरते, आणि इंजिन कोणत्या गिअरमध्ये किती तास चालले यावरून हिशेब करावा लागतो. पुढील सर्व विवेचन याच एका बदलाविषयी आहे. मात्र गाडी निर्दोष आहे हे गृहीत धरण्याआधी ते तपासून पाहणे आवश्यक आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

आधी गाडीची तपासणी

सर्वांत विश्वासार्ह आणि बिनखर्चाची तपासणी म्हणजे टाकी ते टाकी मोजणी. बडोद्यातील नेहमीच्या पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरावे, द्रुतगती मार्गाने ताशी ८०-९० किलोमीटरच्या स्थिर वेगाने अहमदाबादपर्यंत जाऊन परत यावे आणि त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावे. द्रुतगती मार्ग ९३ किलोमीटरचा आहे, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास अंतर सहज होते आणि भरण्यातील अर्ध्या लिटरच्या फरकाने निष्कर्ष बिघडत नाही. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेज या मोजणीत वापरू नये. मिळालेला आकडा गाडीच्या नेहमीच्या रस्त्यावरील ॲव्हरेजच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर इंजिनावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

आकडा त्याहून खाली आला, तर मात्र काही ठरावीक जागा पाहाव्यात. रणातील चिखल वाळला की ब्रेकच्या कॅलिपरभोवती घट्ट बसतो, त्यात मीठ असल्याने पिना गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबल्यावर चारपैकी एकाच चाकाची रिम इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेली असेल, तर कारण हेच. एअर फिल्टर नुसता झटकून परत बसवण्यात अर्थ नाही, कारण रणाची धूळ पिठाइतकी बारीक असते आणि ती कागदाच्या घड्यांत आत जाऊन बसते. तिसरी गोष्ट वरकरणी हास्यास्पद वाटेल, पण पुष्कळदा आढळते: रणातून बाहेर पडल्यावर फोर व्हील ड्राइव्ह काढायचेच राहून जाते. आपल्याकडील बहुतेक पिकअप आणि जीप जातीच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नसतो, त्यामुळे डांबरावर ‘फोर हाय’मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या टप्प्यात, वळताना पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात, टायर किंचाळतात, इंधन जाते आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत याखेरीज सायलेन्सरमधील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा, विचार करावा लागतो. मंद वेगाने तासन् तास चालणाऱ्या गाडीत काजळी लवकर साठते आणि ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल वापरून सायलेन्सर तापवते. ही प्रक्रिया मध्येच थांबली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रणात किंवा जांबुघोड्याच्या बाजूच्या घाटवाटांत गाडी थोडी चालते, थांबते, बंद होते, त्यामुळे ही प्रक्रिया अनेकदा अर्धवट राहते आणि ‘काही कारण नसताना’ ॲव्हरेज पडल्यासारखे दिसते. रणाला जाण्याआधी आणि परत आल्यावर महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

डॅशबोर्डवरील आकडा

‘इतके किलोमीटर शिल्लक’ हा आकडा गाडी भविष्य पाहून सांगत नाही. टाकीतील तरंगता फ्लोट जी पातळी दाखवतो तिचा आणि नुकत्याच केलेल्या प्रवासातील ॲव्हरेजचा तो निव्वळ गुणाकार असतो. बडोद्यापासून दसाड्यापर्यंतचे साधारण दोनशे किलोमीटर चांगल्या रस्त्याचे असतात, म्हणजे गाडीच्या वाट्याला येणारा त्यापेक्षा चांगला रस्ता क्वचितच असेल. त्या आधारावर काढलेले सहाशे किलोमीटर हे ‘याच रस्त्यावर याच वेगाने पुढे गेलात तर’ या अटीचे असतात. लो रेंजमध्ये, म्हणजे मऊ जमिनीसाठीच्या मंद पण जोरकस टप्प्यात, तासभर चालवल्यावर तोच आकडा भराभर कोसळू लागतो. त्याला ‘मीटर बिघडला’ असे म्हणतात, परंतु खरे तर तो तेव्हाच प्रथम वस्तुस्थितीच्या जवळ येऊ लागलेला असतो.

फ्लोटचीही एक मर्यादा आहे. गाडी उतारावर किंवा एका कुशीवर उभी असली की टाकीतील डिझेल एका बाजूला जाते आणि काटा खरे सांगत नाही. टाक्यांचे आकारही सरळ चौकोनी नसतात. चासिस आणि शाफ्ट यांच्यामधून वाट काढत त्या बनवलेल्या असतात, त्यामुळे काट्याचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग सारख्याच लिटरचा असेल असे नाही. काटा वाचायचा तर गाडी सपाट जागेवर दोन-तीन मिनिटे उभी करूनच वाचावा.

माहितीपत्रकातील ॲव्हरेजविषयी एवढेच सांगणे पुरे आहे की ते प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगचक्रात काढलेले असते. रणाच्या नियोजनात त्याचा काहीही उपयोग नाही.

मऊ जमीन इतके डिझेल का खाते

येथे थोडे गणित केल्याशिवाय विश्वास बसत नाही, म्हणून ते करू. टायर घरंगळताना जमिनीकडून जो रोध होतो तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणात मोजतात. चांगल्या डांबरावर हे प्रमाण ०.०१ ते ०.०१५ असते, सैल वाळूत ते ०.२ ते ०.३ पर्यंत जाते. माणसे, पाणी, सामान धरून अडीच टन झालेली पिकअप घेतली, तर डांबरावर तिला सुमारे ३०० न्यूटन आणि ०.२ प्रमाणाच्या मऊ जमिनीवर ४,९०० न्यूटन रोध होतो. म्हणजे मऊ जमिनीवरील एका किलोमीटरसाठी ४९ लाख ज्यूल ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचावी लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल असतात, पण त्यांतील चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ. हिशेब केल्यास किलोमीटरला अर्ध्या लिटरहून अधिक डिझेल लागते, आणि त्यात घसरणारी चाके, मागे-पुढे घेणे, रुतलेल्या सोबत्याला ओढून काढणे यांतील काहीच धरलेले नाही. जी गाडी द्रुतगती मार्गावर लिटरला बारा किलोमीटर देते, तीच येथे दोन किलोमीटरही देत नाही, आणि यात तिचा काही दोष नाही.

लो रेंजमुळे यात आणखी एक भर पडते. ट्रान्सफर केसचा लो रेंज गिअर गाडीचा वेग साधारण अडीच पटीने कमी करतो, म्हणजे तेवढेच अंतर कापायला इंजिनाला तेवढ्याच पटीने अधिक फेरे घ्यावे लागतात. ताशी दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंजिन मात्र महामार्गावरच्या इतकेच फिरत असते. किलोमीटरचा आकडा वाढत नाही, तास मात्र वाढत जातात.

छोट्या रणात ही मऊ जमीन दिसायला मऊ नसते, हीच अडचण आहे. वरून भेगाळलेला, पांढुरका, टणक थर असतो आणि त्याखाली काळा ओला चिखल. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो थर टायरखाली सुटतो आणि मग टायरच्या खाचा चिखलाने भरून चाक गुळगुळीत होते. जेथे पांढरा रंग एकाएकी करडा-काळसर होतो, तेथे खाली ओल आहे हे समजून बाजूच्या रुळलेल्या चाकोरीवरच राहावे; नवी वाट पाडण्याने वन्य गर्दभांच्या, म्हणजे घुडखरांच्या, अधिवासाची हानी होते आणि अभयारण्यात ते चालतही नाही. बनास, रूपेण यांसारख्या नद्यांचे पाणी पावसाळ्यात येथे पसरते आणि हळूहळू आटते, त्यामुळे डिसेंबरात जो पट्टा लो रेंजमध्ये पार करावा लागतो तो मार्चमध्ये ‘टू व्हील’मध्येही निघतो. म्हणून एका मोसमाचा इंधनाचा आकडा दुसऱ्या मोसमाला लावू नये. घुडखर अभयारण्य तर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंदच असते. ४,९५४ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात प्रवेशासाठी वन विभागाचा परवाना लागतो, आणि वाटांची ओल कोठे आहे हे सांगणारा स्थानिक वाटाड्या बरोबर घेतल्यास परवान्याच्या खर्चापेक्षा अधिक डिझेल वाचते.

टायरची हवा हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. ३२ वरून १८-२० पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, चाक कमी खचते आणि रोध घटतो. मात्र डांबरावर परत आल्यावर हवा भरेपर्यंत वेग वाढवू नये, आणि कंप्रेसर चालताना इंजिन चालू ठेवावे लागते तो वेळही हिशेबात धरावा.

तीन आकडे

नियोजनासाठी प्रत्येक गाडीचे तीन आकडे स्वतः मोजलेले असावे लागतात: डांबरावर लिटरला किती किलोमीटर, लो रेंजमध्ये तासाला किती लिटर, आणि उभ्या गाडीत एसी चालू असताना तासाला किती लिटर. पहिला आकडा वरील द्रुतगती मार्गाच्या मोजणीतून मिळालाच आहे. तिसरा बहुतेक नव्या गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा स्टिअरिंगखालच्या ओबीडी जोडणीत साधा स्कॅनर लावून वाचता येतो. दोन ते तीन लिटर क्षमतेच्या डिझेल इंजिनात तो ढोबळमानाने एका लिटरच्या आसपास असतो आणि एसीसह थोडा वाढतो.

दुसरा आकडा महत्त्वाचा आणि तो कोणीही आयता देणार नाही. त्यासाठी रणापर्यंत जाण्याची गरज नाही. सिंधरोटच्या बाजूला मही नदीच्या कोतरांलगत, म्हणजे घळींलगत, जेथे गाडी नेण्यास कोणाची हरकत नाही अशा सैल मातीच्या वाटेवर, दोन तास पुरतात. समजा, शहरातील पंपावर टाकी भरून निघालो, डांबरावर जाऊन-येऊन ३० किलोमीटर झाले, लो रेंजमध्ये दोन तास चालवले, अर्धा तास उभे राहिलो आणि परत त्याच पंपावर १६ लिटर डिझेल बसले. रस्त्याचे १२ च्या ॲव्हरेजने अडीच लिटर वजा करावेत, उभ्या गाडीचे तासाला १.२ च्या दराने ०.६ लिटर वजा करावेत, उरलेले १२.९ लिटर दोन तासांत गेले, म्हणजे तासाला साडेसहा लिटरच्या थोडे खाली. मोबाइलमधील स्टॉपवॉच केवळ चाके फिरत असतानाच चालू ठेवले, तर हा आकडा नियोजनास पुरेसा अचूक मिळतो.

कठीण पृष्ठभागावरील ‘फोर हाय’ची चाल या दोहोंच्या मधली असते. ती स्वतंत्रपणे मोजता आली तर उत्तम. नाही तर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाला साडेतीन लिटर धरून सुरुवात करावी आणि पहिल्या दिवसाच्या अनुभवावरून दुरुस्त करावी.

नमुन्याचा हिशेब

आता ८० लिटरची टाकी असलेली डिझेल पिकअप घेऊ. टोयोटा हायलक्सची टाकी एवढी आहे. रणाच्या काठावरील शेवटच्या पंपावर ती भरली आहे, दोन दिवस फिरायचे आहे आणि रात्रीचा मुक्काम अभयारण्याबाहेर अशा गावात आहे जेथे पंप नाही.

प्रत्येक दिवशी चार तास कठीण थरावर ताशी २७ किलोमीटरने, दोन तास मऊ पट्ट्यात ताशी १२ किलोमीटरने आणि दोन तास उभ्या गाडीत, कारण पक्षी पाहणे, जेवण, वाट शोधणे, मागच्यांची वाट पाहणे यांत एवढा वेळ जातोच. कठीण थराचे तासाला ३.५ प्रमाणे १४ लिटर, मऊ पट्ट्याचे तासाला ७ प्रमाणे १४ लिटर, उभ्या गाडीचे २.४ लिटर. एका दिवसाचे ३०.४, दोन दिवसांचे ६०.८ लिटर. याच दोन दिवसांचे अंतर मात्र फक्त २६४ किलोमीटर होते, आणि किलोमीटरच्या हिशेबाने १२ च्या ॲव्हरेजला त्यासाठी २२ लिटर पुरायला हवे होते. दरवर्षीची तक्रार या २२ आणि ६१ च्या फरकातून जन्माला येते.

६१ वर राखीव धरायलाच हवा. पाव हिस्सा, म्हणजे १५ लिटर, हे मी किमान मानतो. सोबतची एक गाडी खोल रुतली आणि तिला टोचन लावून काढण्यात तास-दीड तास गेला की त्यातील निम्मे-अधिक तेथेच संपतात. बेरीज ७६. टाकी ८० ची असली तरी तळाचे सात-आठ लिटर हिशेबात धरू नयेत, कारण गाडी हेलकावत असताना ते पंपाच्या तोंडापाशी राहतीलच याचा भरवसा नसतो. उपयोगी उरले ७२. कमी पडले चार लिटर.

चार लिटरसाठी काय करावे, यावर माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या संध्याकाळी पंपाकडे वळावे. पंधरा किलोमीटर जाणे आणि पंधरा येणे यांस अडीच-तीन लिटर लागतात आणि टाकी पुन्हा भरलेली मिळते. गुजरातेत काठाकाठाने पंप इतके दूर नाहीत की टपावर कॅनची रांग लावून फिरावे. ती रांग छायाचित्रात शोभते, पण गाडीचा तोल वर नेते आणि महामार्गावर वाऱ्याचा रोध वाढवून जाता-येता इंधन खाते. साठ लिटरच्या आतील टाकी असलेल्यांना तर हा फेरा टाळणे शक्यच नाही. थार आणि स्कॉर्पिओ-एन यांच्या टाक्या ५७ लिटरच्या आहेत. फक्त पंप किती वाजता बंद होतो हे सकाळीच विचारून घ्यावे आणि जोडसुट्टीच्या दिवसांत ‘डीझल काले सवारे आवशे’ (डिझेल उद्या सकाळी येईल) हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवावी. त्या उत्तरासाठी एक वीस लिटरचा कॅन बरोबर असणे शहाणपणाचे आहे. एकच.

पेट्रोल गाड्यांना हाच हिशेब लागू होतो, पण आकडे वाढतात. लिटरमागे ऊर्जा कमी असते आणि कमी फेऱ्यांवरचा जोर कमी असल्याने मऊ जमिनीवर इंजिन अधिक फिरवावे लागते. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. जी चारचाकी वाहने मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेली आहेत, त्यांत त्यामुळे सहा-सात टक्के ॲव्हरेज घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला होता. जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ताफ्याचे वेळापत्रक कोणाच्या टाकीवरून ठरवायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. ताफ्यात पेट्रोलची एकच गाडी असेल तर तिला कोणी उसने इंधन देऊ शकणार नाही, हेही निघण्यापूर्वी तिच्या चालकाच्या कानावर घालावे.

ज्या डिझेल गाड्यांना युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, लागते त्यांनी ते निघतानाच भरावे. त्याचा वापर डिझेलच्या काही टक्केच असतो, पण ते संपल्यावर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ न देण्याची व्यवस्था गाडीतच असते.

कॅन न्यायचाच असेल तर

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोल हे ‘अ’ वर्गाचे आणि डिझेल ‘ब’ वर्गाचे इंधन आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत बाळगता येते आणि धातूच्या एका भांड्यात ते २५ लिटरहून अधिक असता कामा नये. डिझेलची मर्यादा बरीच मोठी, २,५०० लिटरची आहे, त्यामुळे एका कॅनचा प्रश्नच येत नाही. पंपावर मात्र प्लास्टिकचा पाण्याचा डबा पुढे केल्यास कर्मचारी नकार देतील आणि ते योग्यच आहे. घट्ट झाकणाचा लोखंडी जेरीकॅन घ्यावा.

तो भरताना गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवावा. पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकचे अस्तर असते, त्यावर ठेवलेल्या कॅनमध्ये साठलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि नोझल जवळ येताच ठिणगी पडू शकते. पेट्रोलच्या बाबतीत हा धोका फार गंभीर आहे. काठोकाठ भरू नये. पहाटे १० अंशांवर भरलेले २० लिटर डिझेल दुपारच्या उन्हात ३५ अंशांपर्यंत तापले की सुमारे ०.४ लिटरने फुगते, आणि त्याला जागा न ठेवल्यास झाकणातून पाझरते. भरलेला कॅन वीस-एकवीस किलोचा होतो. तो हौद्यात केबिनच्या पाठीशी, तळाला, पट्ट्याने करकचून बांधावा. माणसे बसतात त्या जागेत कधीही ठेवू नये. ओतताना इंजिन बंद, जाळीचे नरसाळे आणि वाऱ्याकडे पाठ एवढे पाळावे, कारण रणात वारा थांबत नाही आणि त्यातील खारट धूळ कॉमन रेल इंजेक्टरला चालत नाही.

वाटेत गावात बाटलीने किंवा पिंपातून मिळणारे सुटे डिझेल टाळावे. त्यात पाणी किंवा अन्य भेसळ असली तर वाचलेल्या फेऱ्याची किंमत इंजेक्टरच्या रूपाने द्यावी लागते. मिठाच्या आगरावर डिझेल मागून मिळेल हा भरवसाही आता जुना झाला आहे. पुष्कळ अगरियांकडे, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांकडे, आता सौर पंप आहेत. ज्यांच्याकडे डिझेल असते त्यांचे मीठ त्याच डिझेलवर पिकत असते, तेव्हा संकटाशिवाय ते मागणे बरे नाही.

टाकी खरोखरच तळाला आली तर

पिवळा दिवा लागल्यावर प्रथम गाडी कठीण, सपाट जागी उभी करावी आणि काटा पुन्हा वाचावा. पुष्कळदा दिवा उतारामुळे किंवा हेलकाव्यामुळे लवकर लागलेला असतो. त्यानंतर परतीची सर्वांत छोटी नव्हे तर सर्वांत कठीण पृष्ठभागाची वाट निवडावी. आठ किलोमीटरचा मऊ पट्टा बारा किलोमीटरच्या टणक वळशापेक्षा दुप्पट-तिप्पट इंधन घेतो. हवा उतरवलेली नसेल तर आताही उतरवावी. ताफ्यात असाल तर सर्व गाड्या सुरू ठेवून चर्चा करू नये.

चढावर पाव टाकी असतानाही इंजिन गचके देऊ लागले, तर इंधन संपलेले नसून पंपाचे तोंड उघडे पडलेले असते. तसेच मागे उतरून सपाटीवर यावे. रेटत राहिल्यास डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते. नव्या डिझेल इंजिनांत उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, म्हणून ‘शेवटच्या थेंबापर्यंत’ चालवणे हे तेथे शौर्य नसून खर्चिक हट्ट आहे.

इंजिन कोरडे पडून बंद झालेच, तर दोन लिटर ओतून स्टार्टर मारत बसू नये. किमान दहा लिटर ओतावेत, फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबावा, नसेल तर चावी इग्निशनपर्यंत फिरवून काही सेकंद थांबावे आणि असे चार-पाच वेळा करावे, म्हणजे टाकीतील पंप नळ्या भरतो. मग एका वेळी दहा सेकंदांहून अधिक स्टार्टर देऊ नये आणि मध्ये थोडी विश्रांती द्यावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.

परत आल्यावर त्याच पंपावर टाकी भरून खरा वापर कागदावरच्या अंदाजाशी ताडून पाहावा. फरक पंधरा टक्क्यांच्या वर असेल, तर बहुधा मऊ पट्ट्याचे तास कमी धरलेले असतात; उभ्या गाडीचे तास चुकले तरी त्याने एवढा फरक पडत नाही. कॅनमध्ये उरलेले डिझेल त्याच वेळी टाकीत ओतून कॅन रिकामा, कोरडा आणि झाकण लावून ठेवावा. बडोद्याच्या दमट पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये आतून पाणी साचते आणि पुढच्या हिवाळ्यात तेच पाणी टाकीत जाते.